घरगुती रेडॉन आणि फुप्फुसांना मिळणारी किरणोत्सर्गाची मात्रा : ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात अंदाजाची पद्धती व तिच्या मर्यादा

प्रस्तावना

नैसर्गिक स्रोतांपासून माणसाला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेत श्वासावाटे येणाऱ्या वाट्याचे स्थान सर्वांत मोठे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अणुकिरणोत्सर्गाच्या परिणामांविषयीच्या शास्त्रीय समितीने २००८ च्या अहवालात नैसर्गिक मात्रेची जागतिक सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट अशी दिली असून त्यांपैकी १.२६ मिलिसीव्हर्ट, म्हणजे निम्म्याहून अधिक, रेडॉन व त्याच्या कन्यामूलद्रव्यांमुळे मिळते. वैद्यकीय तपासण्या व अणुउद्योग यांविषयी समाजात जेवढी चर्चा होते, तेवढी राहत्या घरातील हवेविषयी होत नाही.

फुप्फुसांना मिळणारी ही मात्रा कोणत्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. मोजल्या जातात त्या घरात तीन महिने टांगलेल्या एका लहानशा फिल्मवरील खुणा. त्या खुणांपासून फुप्फुसांपर्यंतचा प्रवास गणिताने करावा लागतो व त्या वाटेवर पाच-सहा गृहीतके उभी असतात. त्यांपैकी बहुतेक गृहीतके थंड प्रदेशांतील घरे आणि तेथील राहणीमान डोळ्यांपुढे ठेवून निश्चित झालेली आहेत. भौतिकशास्त्र विभागांतील पदव्युत्तर प्रकल्पांत ती जशीच्या तशी वापरली जातात आणि उत्तर मात्र दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत दिले जाते. ज्या कुटुंबाच्या घरात फिल्म टांगलेली असते, त्या कुटुंबाला हा आकडा कळवला जातो व तो प्रमाण मानला जातो. म्हणून त्या आकड्यात मोजमाप किती आणि गृहीतक किती, हे तपासणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरातील घरांच्या संदर्भात हा विचार केला आहे.

रेडॉन आणि त्याची कन्यामूलद्रव्ये

युरेनियम-२३८ च्या क्षयमालेत रेडियम-२२६ येते आणि त्याच्या क्षयातून रेडॉन-२२२ हा वायू निर्माण होतो. १९०० साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख एर्न्स्ट डोर्न यांनी रेडियममधून बाहेर पडणाऱ्या या वायूची नोंद केली. रेडॉन हा निष्क्रिय वायू असून त्याचे अर्धायुष्य ३.८२ दिवस आहे. माती, दगड, विटा व काँक्रीट यांच्या सूक्ष्म छिद्रांतून तो हवेत येण्यास एवढा अवधी पुरेसा असतो.

रेडॉन वायू स्वतः फुप्फुसांना फारसा अपाय करीत नाही. तो श्वासाबरोबर आत जातो व बहुतांशी उच्छ्वासाबरोबर बाहेर पडतो. अपाय होतो तो त्याच्या अल्पायुषी कन्यामूलद्रव्यांमुळे. पोलोनियम-२१८ चे अर्धायुष्य ३.१ मिनिटे, शिसे-२१४ चे २६.८ मिनिटे, बिस्मथ-२१४ चे १९.९ मिनिटे आणि पोलोनियम-२१४ चे अवघे १६४ मायक्रोसेकंद आहे. ही मूलद्रव्ये घनरूप असल्याने हवेतील सूक्ष्मकणांना, भिंतींना आणि श्वासनलिकेच्या ओलसर अस्तराला चिकटतात. अस्तरावर बसलेले अणू तेथून हलवले जाण्यापूर्वीच बव्हंशी क्षय पावतात. दोन पोलोनियमांतून अनुक्रमे ६.०० व ७.६९ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे आल्फा कण सुटतात आणि ऊतकात त्यांचा पल्ला सुमारे ४८ व ७१ मायक्रोमीटर इतकाच असतो. कागदानेही अडणारा हा कण त्वचेबाहेरून निरुपद्रवी ठरतो. श्वासनलिकेच्या पृष्ठभागाखाली तळपेशी सुमारे ३५ ते ५० मायक्रोमीटर खोलीवर असतात, म्हणजे नेमक्या त्याच्या टप्प्यात.

जर्मनीतील श्नीबर्ग येथील खाणकामगारांचा फुप्फुसरोग हा कर्करोग असल्याचे १८७९ साली हार्टिंग व हेसे यांनी दाखविले, त्या वेळी किरणोत्सारितेचा शोधही लागलेला नव्हता. रेडॉनचा धोका आधी खाणीत कळला आणि घरात फार उशिरा, ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, कारण मात्रेच्या हिशेबातील कित्येक एकके अजूनही खाणीतून आलेली आहेत.

परिसरातील खडक आणि घरे

येऊरच्या डोंगरापासून पारसिकच्या रांगेपर्यंत आणि पुढे मलंगगडापर्यंतचा सारा प्रदेश दख्खनच्या बेसाल्टचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हाखडकात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने बरेच कमी असते. त्यामुळे येथील जमिनीतून येणारा रेडॉन मुळातच अल्प. त्यात ठाणे खाडी व उल्हास नदीच्या काठचा बराच भाग चिकण गाळाचा असून पावसाळ्यात भिजलेली जमीन वायूला वर येऊ देत नाही. युरोप-अमेरिकेत तळघरातून शिरणारा जमिनीतील रेडॉन ही मुख्य चिंता असते. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यालगतच्या किंवा कल्याण पश्चिमेच्या नव्या इमारतींत जमिनीलगत वाहनतळ असतो आणि राहती घरे त्याच्या वर सुरू होतात. तो मोकळा मजला जमिनीतील वायूचा मार्ग तोडतो. जुन्या ठाण्यातील नौपाडा भागातील बैठी घरे, डोंबिवलीतील चाळी आणि कल्याणच्या जुन्या वस्तीतील वाडे यांच्या तळमजल्याला मात्र हा लाभ नाही.

वरच्या मजल्यांवर स्रोत उरतो तो बांधकाम साहित्याचा : काँक्रीट, विटा, गिलावा व फरशी. राखेच्या विटांतील रेडियमविषयी, तसेच छताच्या सजावटीत वापरल्या जाणाऱ्या जिप्समविषयी विचारणा होते. खतकारखान्यांतील फॉस्फोजिप्सम बांधकामासाठी विकण्याबाबत अणुऊर्जा नियामक मंडळाने २००९ साली निर्देश काढून रेडियम-२२६ साठी दर ग्रॅमला १ बेक्वेरेल ही मर्यादा ठेवली आहे.

स्वयंपाकघरातील ग्रॅनाइटच्या ओट्याची भीती मात्र हिशेबात टिकत नाही. दोन चौरस मीटर क्षेत्राचा आणि दोन सेंटिमीटर जाडीचा ओटा सुमारे १०८ किलोग्रॅम भरतो. त्यात किलोमागे ८० बेक्वेरेल रेडियम मानले आणि तयार होणाऱ्या रेडॉनचा दहावा भाग बाहेर पडतो असे धरले, तर ओटा तासाला साडेसहा बेक्वेरेल रेडॉन देतो. याच्या तुलनेत एका खोलीच्या भिंती काय देतात ते पाहावे.

तीन बाय चार मीटरची, पावणेतीन मीटर उंचीची खोली घेऊ. तिचे आकारमान ३३ घनमीटर आणि भिंती, छत व फरशी मिळून पृष्ठभाग ६२.५ चौरस मीटर होतो. दर चौरस मीटरमधून तासाला ४ बेक्वेरेल रेडॉन सुटतो असे उदाहरणादाखल मानले, तर खोलीत तासाला २५० बेक्वेरेलची भर पडते. खिडक्या उघड्या असून हवा तासाला दोनदा बदलत असेल, तर या स्रोतामुळे संहती घनमीटरला सुमारे ४ बेक्वेरेलवर स्थिरावते. बाहेरच्या हवेतील सुमारे १० बेक्वेरेल मिळविले की १४ होतात. त्याच खोलीच्या सरकत्या काचा लावून घेतल्या आणि हवेचा बदल तासाला ०.२ पर्यंत उतरला, तर संहती ४६ कडे चढू लागते व आठ तासांत सुमारे ४० वर पोहोचते. भिंत तीच, खडक तोच, तरी आकडा जवळजवळ तिप्पट. भिंतींतून सुटणाऱ्या रेडॉनपुरते पाहिले तर वाढ नऊपटींहून अधिक आहे.

या परिसरातील घरे गेल्या दोन-तीन दशकांत नेमकी याच दिशेने बदलली आहेत. बाल्कनी खोलीत घेण्याची चाल सार्वत्रिक झाली आहे. वातानुकूलन यंत्र घरातीलच हवा फिरवून थंड करते, बाहेरची ताजी हवा आत आणीत नाही, ही साधी गोष्ट अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसते. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीलगतची कुटुंबे रात्री येणाऱ्या वासामुळे खिडक्या लावून घेतात. त्यांच्यापुढे निवड आहे ती बाहेरच्या रासायनिक हवेत आणि आतल्या कोंडलेल्या हवेत, आणि त्यांना खिडक्या उघडण्याचा उपदेश करणे सोपे असले तरी न्याय्य नाही.

मोजमाप

मुंबई इलाख्यात या विषयाला महाविद्यालयीन अध्यापकांची जुनी परंपरा आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर स्टाइकेन यांचा पंचमहालातील तुवा येथील उष्ण झऱ्यांच्या किरणोत्सारितेतील चढउतारांवरील निबंध १९१६ साली ‘फिलॉसॉफिकल मॅगझीन’मध्ये प्रसिद्ध झाला होता. घरांतील रेडॉनच्या मोजमापाचे भारतातील प्रमुख काम ठाणे खाडीच्या पश्चिम तीरावरील ट्रॉम्बे येथे, भाभा अणुसंशोधन केंद्रात झाले. तेथे विकसित झालेला जुळ्या कप्प्यांचा मात्रामापक देशभरातील विद्यापीठांनी वापरला. या मोजमापांवर आधारलेल्या २००३ च्या अहवालानुसार भारतीय घरांतील रेडॉनची भूमितीय सरासरी घनमीटरला सुमारे २३ बेक्वेरेल, तर थोरॉनची सुमारे १२ बेक्वेरेल आली.

मात्रामापकात सेल्युलोज नायट्रेटची एलआर-११५ ही तांबडी फिल्म असते. एका कप्प्याच्या तोंडाशी काचतंतूंचा गाळणीकागद असून त्यातून रेडॉन व थोरॉन दोन्ही आत जातात. दुसऱ्या कप्प्यावरील पटलातून केवळ रेडॉन पोहोचतो, कारण पटल ओलांडेपर्यंत अल्पायुषी थोरॉन क्षय पावलेला असतो. तिसरी फिल्म बाहेर उघडी असते. सुमारे ९० दिवसांनंतर फिल्म ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या २.५ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कोरून आल्फा कणांनी पाडलेल्या छिद्रांची संख्या ठिणगी-गणकाने मोजतात.

एका फिल्मवर, मूळच्या खुणा वजा करून, चौरस सेंटिमीटरला ६० छिद्रे आढळली आणि अंशांकन गुणक दर बेक्वेरेल-दिवस प्रति घनमीटरला ०.०२ असला, तर संहती ३३ बेक्वेरेल येते. एक चौरस सेंटिमीटर मोजला असल्यास केवळ गणनेतील सांख्यिकीय अनिश्चितता ६० च्या वर्गमुळाइतकी, म्हणजे १३ टक्के असते. कोऱ्या फिल्मवरील खुणा वजा करण्यातील अनिश्चितता, द्रावणाच्या तापमानातील फरक व अंशांकनातील चूक हे सर्व त्यावर चढते. रेडॉन विपुल असलेल्या प्रदेशात या चुका झाकल्या जातात, कारण तेथे छिद्रे शेकड्यांनी असतात. बेसाल्टच्या प्रदेशात त्या उघड्या पडतात. येथील दोन घरांपैकी एकात २८ आणि दुसऱ्यात ३३ बेक्वेरेल आढळले, तर त्या फरकाला अर्थ देण्याची घाई करू नये.

संहतीपासून मात्रेपर्यंत

रेडॉनची संहती कळली तरी मात्रा ठरते ती कन्यामूलद्रव्यांवरून. रेडॉन व त्याची कन्यामूलद्रव्ये पूर्ण समतोलात असती तर सर्वांची क्रियाशीलता सारखी राहिली असती. घरात हवा बदलत असते आणि कण भिंतींवर बसत असतात, त्यामुळे तसे होत नाही. म्हणून समतोल-समतुल्य संहती ही संकल्पना वापरतात. पोलोनियम-२१८, शिसे-२१४ व बिस्मथ-२१४ यांच्या संहतींना अनुक्रमे ०.१०५, ०.५१६ व ०.३७९ हे भार देऊन बेरीज केली की ती मिळते. या संहतीचे रेडॉनच्या संहतीशी असलेले गुणोत्तर म्हणजे समतोल गुणक. घरांसाठी तो ०.४ धरण्याचा प्रघात आहे.

आता ३० बेक्वेरेलच्या घराचा हिशेब करू. ३० ला ०.४ ने गुणल्यावर समतोल-समतुल्य संहती १२ येते. घरातील वास्तव्याचा गुणक ०.८ धरला तर वर्षाचे सुमारे ७,००० तास होतात. संयुक्त राष्ट्रांच्या समितीचा मात्रा-गुणक समतोल-समतुल्य संहतीच्या दर बेक्वेरेल-तास प्रति घनमीटरला ९ नॅनोसीव्हर्ट आहे. या सर्वांचा गुणाकार ७,५६,००० नॅनोसीव्हर्ट, म्हणजे वर्षाला सुमारे ०.७६ मिलिसीव्हर्ट होतो. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगाच्या २०१७ मधील प्रकाशनानुसार हाच गुणक १६.८ नॅनोसीव्हर्टच्या जवळ जातो आणि त्याच घराची मात्रा १.४१ मिलिसीव्हर्ट भरते. समितीने २०१९ च्या अहवालात फेरविचार करूनही ९ हाच आकडा कायम ठेवला. दोन्ही संस्था अधिकारी आहेत, दोन्हींची कारणे तर्कशुद्ध आहेत आणि दोन्हींच्या उत्तरांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. कोणता गुणक वापरला हे न लिहिता दिलेला मात्रेचा आकडा त्यामुळे वाचकाच्या उपयोगाचा राहत नाही.

येथे होणारी एक ठरावीक चूक नोंदविण्याजोगी आहे. आयोगाचा गुणक पुष्कळदा थेट रेडॉन वायूच्या संहतीसाठी ६.७ नॅनोसीव्हर्ट असा दिला जातो व त्यात समतोल गुणक ०.४ अंतर्भूतच असतो. त्याला पुन्हा ०.४ ने गुणले तर मात्रा अडीचपट कमी दिसते. उलट ९ हा गुणक वायूच्या संहतीला लावला व समतोल गुणक विसरला, तर ती अडीचपट वाढते. वरवर दोन्ही उत्तरे सारखीच विश्वसनीय वाटतात.

वरील मात्रा परिणामी मात्रा आहे, म्हणजे संपूर्ण शरीराच्या दृष्टीने तोललेली. फुप्फुसांसाठीचा ऊतक-भार ०.१२ असल्याने ०.७६ ला ०.१२ ने भागून फुप्फुसांची समतुल्य मात्रा सुमारे ६.३ मिलिसीव्हर्ट काढता येते आणि आल्फा कणांचा भार २० लक्षात घेता शोषित मात्रा सुमारे ०.३ मिलिग्रे होते. ही वाट ढोबळ आहे. फुप्फुस हा एकजिनसी अवयव नाही. आयोगाच्या १९९४ च्या प्रतिमानात श्वासनलिका, श्वासनलिकिका आणि वायुकोश असे तीन विभाग मानून प्रत्येकाला सारखा वाटा दिला आहे. रेडॉनच्या कन्यामूलद्रव्यांची मात्रा मात्र पहिल्या दोन विभागांत एकवटते आणि वायुकोशांना तिचा अल्प अंश मिळतो.

कण कोठे बसतो हे त्याच्या आकारावर ठरते. कशालाही न चिकटलेला पोलोनियमचा अणू सुमारे एक नॅनोमीटरचा असून तो श्वासमार्गाच्या वरच्या भागात सहज बसतो. धूलिकणाला चिकटलेला तोच अणू शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या कणाबरोबर आत जातो आणि बराचसा परतही येतो. हवेत घन सेंटिमीटरला जितके कण असतील, त्या संख्येने सुमारे ४०० ला भागले असता न चिकटलेल्या अंशाचा ढोबळ अंदाज मिळतो. ४,००० कणांच्या स्वच्छ हवेत तो ०.१ आणि ४०,००० कणांच्या हवेत ०.०१ होतो. भर रस्त्यालगतचे घर, फोडणीचा धूर, देवघरातील उदबत्ती व धूप, रात्रभर जळणारी डासांची कॉइल यांमुळे येथील घरांत कणांची संख्या मोठी असते. परिणामी न चिकटलेला अंश घटतो, पण त्याच वेळी भिंतींवर बसणारे अणू कमी होऊन समतोल गुणक वाढतो. हे दोन परिणाम परस्परविरुद्ध असल्याने वायूच्या संहतीवरून काढलेली मात्रा बरीचशी स्थिर राहते. घरोघरी समतोल गुणक मोजण्याची सोय नसेल तेथे ०.४ वापरण्याचे समर्थन यात आहे. धुराने रेडॉनपासून संरक्षण मिळते असा अर्थ कोणी काढू नये, कारण ते सूक्ष्मकण फुप्फुसांना स्वतंत्रपणे घातक आहेत.

घरात कोण, केव्हा आणि किती वेळ

समतोल गुणकाच्या बाबतीत निसर्गच काहीशी भरपाई करतो. वास्तव्य गुणकाच्या बाबतीत तशी भरपाई होत नाही आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीत हा गुणक सर्वाधिक फसवा ठरतो. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महानगरपालिका क्षेत्रात १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक लोकवस्ती होती. यांतील मोठा वर्ग रोज लोकलने मुंबईला जातो. सकाळी ७.१० ला घर सोडून रात्री ८.३० ला परतणारा डोंबिवलीकर कामाच्या दिवशी १० तास ४० मिनिटे घरी असतो. सहा दिवसांचा आठवडा व रविवारचा पूर्ण दिवस धरला तर आठवड्याला ८८ आणि वर्षाला सुमारे ४,६०० तास होतात. त्याच घरातील आजी रोज २२ तास घरात असल्यास तिचे ८,०३० तास भरतात. ३० बेक्वेरेलच्या एकाच घरात घरगुती रेडॉनची मात्रा पहिल्याला ०.५० आणि दुसरीला ०.८७ मिलिसीव्हर्ट येते. ७,००० तासांचा प्रमाणित माणूस त्या घरात कोणीच नसतो.

प्रश्न येथेच संपत नाही. फिल्म घरात चोवीस तास असते, माणूस नसतो. वर घेतलेल्या खोलीच्याच आकड्यांवरून दोन घरांची तुलना करता येते. पहिल्या घरात पती-पत्नी दोघेही नोकरीला जातात. घर १३ तास कुलूपबंद असते व त्या काळात सरासरी संहती ३५ राहते. संध्याकाळी तीन तास खिडक्या उघड्या असताना १४ आणि रात्री आठ तास बंद खोलीत सरासरी ३०. फिल्म दिवसाची सरासरी सुमारे ३१ दाखवील. दुसऱ्या घरात आजी असल्याने १६ तास दारे-खिडक्या उघडी राहतात व संहती १४ असते, रात्री आठ तास बंद खोलीत ३०. तेथे फिल्म सुमारे १९ दाखवील. फिल्मनुसार पहिले घर अधिक धोक्याचे ठरते. प्रत्यक्षात पहिल्या घरातील नोकरदाराच्या वाट्याला त्या दिवशी २८२ बेक्वेरेल-तास येतात आणि दोन तास बाहेर जाऊन येणाऱ्या आजीच्या वाट्याला ४३६. प्रमाणित ०.८ गुणकाने पहिल्या घराचा अंदाज ५९० च्या आसपास, म्हणजे दुपटीहून जास्त येतो व दुसऱ्याचा ३७१, म्हणजे सुमारे १५ टक्के कमी. दोन घरांचा क्रमच उलटा लागतो.

हे आकडे उदाहरणादाखल घेतलेल्या एका खोलीचे आहेत. पण कुलूपबंद घरात कोणी श्वासात घेत नसलेला रेडॉन फिल्म इमानाने नोंदविते, ही गोष्ट कोणत्याही आकड्यांनी बदलत नाही. ज्यांचा दिवस घरातच जातो, त्या गृहिणी, वृद्ध, तान्ही मुले व आजारी माणसे यांच्या मात्रेकडे प्रमाणित सूत्रामुळे दुर्लक्ष होते. श्वसनाचा वेगही सर्वकाळ सारखा नसतो. प्रौढ पुरुष झोपेत तासाला सुमारे ०.४५ घनमीटर, बसल्या जागी ०.५४ आणि हलके काम करताना १.५ घनमीटर हवा घेतो. रात्रीच्या वाढलेल्या संहतीची भरपाई मंद श्वसनामुळे काही अंशी होते आणि भर दुपारी खिडक्या लावून घरकाम करणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत ती होत नाही.

थोरॉनचा वाटा

थोरियमच्या मालेतील थोरॉन, म्हणजे रेडॉन-२२०, याचे अर्धायुष्य ५५.६ सेकंद आहे. इतक्या अवधीत तो भिंतीपासून फार दूर जात नाही. त्यामुळे फिल्म भिंतीलगत लावली की थोरॉनची संहती मोठी दिसते व खोलीच्या मध्यावर ती फार कमी होते. त्याचे कन्यामूलद्रव्य शिसे-२१२ मात्र १०.६ तासांच्या अर्धायुष्यामुळे खोलीभर पसरते. थोरॉन वायू मोजून त्याला ठरीव गुणकाने गुणण्याची रीत यामुळेच भरवशाची नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रात पुढे विकसित झालेले, कन्यामूलद्रव्यांच्या निक्षेपावर आधारित संवेदक याकामी अधिक योग्य आहेत. थोरॉनची समतोल-समतुल्य संहती ०.५ बेक्वेरेल असली तरी ४० नॅनोसीव्हर्ट या गुणकाने ७,००० तासांत ०.१४ मिलिसीव्हर्ट मिळतात. रेडॉन अल्प असलेल्या घरात हा वाटा वगळण्याजोगा नाही.

आकड्याचा अर्थ

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरांसाठी घनमीटरला १०० बेक्वेरेल ही संदर्भ पातळी सुचविली आणि ते शक्य नसेल तेथे ३०० ची मर्यादा ओलांडू नये असे म्हटले. बेसाल्टवरील, वायुवीजन बरे असलेले घर या पातळीच्या खूप खाली राहणे अपेक्षित आहे. सारा डार्बी व सहकाऱ्यांनी २००५ साली युरोपातील नऊ देशांतील १३ अभ्यासांतून ७,१४८ रुग्णांची माहिती एकत्र केली. दर १०० बेक्वेरेलमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका ८.४ टक्क्यांनी वाढतो असे त्यांना आढळले आणि मोजमापातील अनिश्चितता विचारात घेतल्यावर हाच आकडा १६ टक्के झाला. मोजमाप सदोष असले की धोका मोठा नव्हे, तर लहान दिसतो, हा या अभ्यासातील धडा प्रयोगशाळांसाठी मोलाचा आहे.

त्याच अभ्यासानुसार ७५ वर्षे वयापर्यंत कर्करोगाची शक्यता धूम्रपान न करणाऱ्यांत रेडॉन शून्य असताना ०.४ टक्के, १०० बेक्वेरेलला ०.५ आणि ४०० ला ०.७ टक्के होती. धूम्रपान करणाऱ्यांत हेच आकडे १०, १२ व १६ टक्के होते. ३० बेक्वेरेलच्या घरातील धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तीसाठी या प्रमाणाने वाढ दहा हजारांत सुमारे दोन इतकी येते, विडी-सिगारेट ओढणाऱ्यासाठी दोनशेत एकाच्या जवळपास. युरोपीय लोकसंख्येचे हे प्रमाण येथे जसेच्या तसे लागू होईल असे नाही, तरी दोन्ही गटांतील अंतर डोळ्यांआड करता येत नाही. अशा लहान जोखमीला शहराच्या तीस लाख लोकसंख्येने गुणून संभाव्य मृत्यूंची संख्या काढण्याचा मोह वृत्तपत्रांना होतो. तशा गणनेविरुद्ध आंतरराष्ट्रीय आयोगानेच सावध केले आहे.

नोंदपत्रकाविषयी

फिल्म टांगताना भरावयाच्या पत्रकात बहुधा मजला, भिंतीचा प्रकार व फरशी यांची नोंद असते. खिडक्या कोणत्या वेळी उघड्या असतात, बाल्कनी खोलीत घेतली आहे काय, वातानुकूलन यंत्र किती तास चालते, घर किती तास कुलूपबंद असते आणि घरातील प्रत्येक व्यक्ती केव्हा कोठे झोपते, या रकान्यांना खर्च काहीच येत नाही. मोजमाप तीन महिन्यांच्या एका फेरीत न आटोपता चारही फेऱ्यांत व्हावे, कारण हिवाळ्यातील स्थिर हवा व लावलेल्या खिडक्या यांची संहती पावसाळ्यातील नैर्ऋत्य वाऱ्यांच्या संहतीशी जुळत नाही. फिल्म भिंतीपासून किमान दहा सेंटिमीटर दूर, शक्य तर पलंगाच्या उशाकडील उंचीवर असावी आणि एका घरात एकच फिल्म लावता येणार असेल, तर ती दिवाणखान्याऐवजी घरात सर्वाधिक वेळ राहणाऱ्या व्यक्तीच्या झोपण्याच्या खोलीत लावावी. कुटुंबाला कळवावयाच्या पत्रात संहती तिच्या अनिश्चिततेसह, वापरलेला मात्रा-गुणक त्याच्या वर्षासह आणि घरातील प्रत्येक व्यक्तीचे तास वेगळे लिहावेत. मात्रेसाठी दशांशाचे एक स्थळ पुरते.